साळवे मास्तरांची नाताळची रजा

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपण एकाही माणसाची रजा नियम सोडून नाकारली नाही, असं मी गेल्या डिसेंबरपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. निरोपाच्या दिवशी कुणीतरी हे वाक्य भाषणात घालेल, याची मला खात्री आहे. घातलं, तर मी खुर्चीवरून उठून निघून जाणार आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

दुबईच्या ‘बर दुबई’ भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर आमची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. स्पोकन इंग्लिश, कॉम्प्युटर, टॅली असे वर्ग चालतात. मी तिथला ॲडमिन मॅनेजर. मालवणचा बी.कॉम. फायली, व्हिसा, हजेरी, रजा हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. इन्स्टिट्यूट काढली ती आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी. आत्ताचे मालक परेश. मी नोकरीला लागलो तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि माझ्या कॅल्क्युलेटरशी खेळायचे. आजही मला ‘मुणगेकर अंकल’ म्हणतात. त्याचा उपयोग काही नाही.

सूर्यकांत तुकाराम साळवे आमच्याकडे २०११ मध्ये आले. जालन्याच्या एका मिशनच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. मिशनच्या शाळेत. हेही त्यांच्या अर्जात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण मिशनच्या शाळेत कुणीही शिकवतं, असं मी मनाशी म्हटलं असणार.

पहिल्या आठवड्यातच सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले. अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन मार्कर, एक निळा, एक लाल. राहायला खाडीपलीकडे, देऱ्याला. रोज दुपारी अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडायचे आणि चार वाजता हजर. त्यांचे विद्यार्थी म्हणजे दुकानांतले सेल्समन, शिंपी, ड्रायव्हर, हॉटेलातले स्वयंपाकी. दिवसभर उभं राहून आलेली माणसं. अशा माणसांना व्याकरण शिकवलं तर ती झोपतात, हे मास्तरांना कळत होतं. त्यांनी आपले धडे स्वतःच बेतले होते. दवाखान्यात काय बोलायचं, पोलिसाने थांबवलं तर काय बोलायचं, आणि सगळ्यात प्रसिद्ध धडा, रजा कशी मागायची.

हा धडा मी दाराआडून कितीदा तरी ऐकला आहे. मास्तर खुर्ची ओढून सुपरवायझर होऊन बसायचे, पाय टेबलावर. समोर एकेकाला उभं करायचे. नियम तीन. ‘सॉरी’ म्हणायचं नाही. कारण एकदाच आणि एकाच वाक्यात सांगायचं. आणि समोरचा नाही म्हणाला, तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, त्याच आवाजात. तीनदा.

दापोलीकडचा रिझवान नावाचा एक सेल्समन होता. पहिल्या दिवशी त्याने रजा मागताना हात जोडले.

“हात खाली!” मास्तर ओरडले. “भीक मागतोयस का? काय आहे घरी?”

“बहिणीचं लग्न आहे, सर.”

“मग तसं सांग. इंग्रजीत.”

“माय सिस्टर्स मॅरेज इज ऑन टेन्थ. आय विल बी अवे फॉर फाइव्ह डेज.”

“नो लीव्ह! सीझन आहे!”

“सॉरी स—”

“सॉरी गेलं खड्ड्यात. पुन्हा म्हण.”

वर्ग खो खो हसायचा. रिझवानला खरोखर पाच दिवस मिळाले. परत येताना त्याने मिठाईचा डबा आणला. मास्तरांनी तो वर्गात फिरवला आणि विचारलं, “किती वेळा म्हणायला लागलं?” रिझवानने तीन बोटं वर केली. तेव्हापासून त्या वर्गात तीन बोटं ही खूणच होऊन बसली.

असा हा माणूस. आणि स्वतःची एका संध्याकाळची हक्काची रजा या माणसाला चौदा वर्षं मागता आली नव्हती.

आता डिसेंबरकडे येतो.

आमच्याकडे शाळांना सुट्टी लागली की मुलांसाठी विंटर कॅम्प असतो. या वेळी परेशच्या मनात मोठा बेत होता. चोवीस तारखेला संध्याकाळी साडेपाचला ख्रिसमस पार्टी, पालकांना आमंत्रण, मुलांचं इंग्रजी नाटुकलं. रिसेप्शनमध्ये छताला टेकणारं प्लास्टिकचं झाड आलं. “साडेसातशे दिरहम,” मार्केटिंग आणि एचआर दोन्ही बघणारी मनाली मला म्हणाली, “म्हणजे अठरा हजार रुपये, सर. पण फोटोत काय दिसतंय बघा!”

नाटुकलं लिहायला मास्तरांना सांगितलं होतं. त्यांनी पंधरा मिनिटांचं लिहून आणलं. योसेफ आणि मरिया नाव नोंदवायला गावी निघालेत, राजाचा हुकूम आहे, धर्मशाळेत जागा नाही. साधं, मुलांना पाठ होईल असं. परेशच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी होतो, मनाली होती.

परेशने दोन पानं वाचली. “मास्तर, हे जरा रिलिजियस होतंय. सांता कुठाय? रेनडिअर?”

“नाताळच्या गोष्टीत रेनडिअर नाहीत, परेशसाहेब. गाढव आहे.”

“गाढव!” परेश हसला. “नो ऑफेन्स मास्तर, पण तुम्ही हिंदू माणूस. ख्रिसमस तुम्ही मॉलमध्ये बघितलेला. म्हणून मनाली एक ऑथेंटिक माणूस आणतेय. गोरा आहे. पोस्टरवर हेड ऑफ इंग्लिश म्हणून टाकू.”

“टीचर आहेत का ते?” मास्तरांनी विचारलं.

“मरीनात बोटीवर काम करतो,” मनाली म्हणाली. “पण सर, पॅरेंट्स पासपोर्ट बघत नाहीत, चेहरा बघतात.”

मास्तरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला वाटलं, नाटुकल्याच्या बाजूने मी काही बोलावं असं त्यांना वाटतंय. मी समोरचा अजेंडा वाचत राहिलो. बैठकीतला पुढचा विषय खुर्च्यांचा होता.

तो माणूस न्यूझीलंडचा, नाव डग्लस. वाईट नव्हता. त्याने तीन दिवस संध्याकाळी यायचं आणि मास्तरांनी त्याला बोट धरून सगळं शिकवायचं, असं ठरलं. मी बाजूच्या टेबलावर असायचो. तो मास्तरांना सरळ म्हणाला की आपला देवबिवावर विश्वास नाही, चर्चमध्ये शेवटचा गेलो तो मावशीच्या अंत्यविधीला. योसेफ म्हणजे मुलाचा बाप की काका, हेही मास्तरांनी त्याला सांगितलं. न कंटाळता. निळ्या मार्करने चित्र काढून. आणि मी, ही माझी बुद्धी बघा, मनात म्हटलं, हिंदू असून किती माहिती आहे यांना!

पंधरा तारखेला मास्तर माझ्या टेबलाशी आले. हातात रजेचा फॉर्म. चोवीस डिसेंबर, संध्याकाळी पाचपासून. कारणाच्या जागी लिहिलेलं, ‘नाताळची उपासना.’

मी हसलो.

“मास्तर, चोवीसची सवलत ख्रिस्ती स्टाफला आहे. बाकी सगळ्यांना त्या दिवशी हजेरी सक्तीची. मेमो बघितलात ना? तुमच्या वार्षिक रजेतून काही बसतंय का बघू.”

“वार्षिक रजा मे महिन्यात संपली. बायकोच्या ऑपरेशनला.”

“मग नियमात बसत नाही.”

“नियमातच बसते, साहेब. मी ख्रिस्ती आहे.”

मी दुसऱ्यांदा हसलो. पहिलं हसू माफ करता येईल कदाचित. दुसऱ्याला माफी नाही.

ते हसले नाहीत. म्हणाले, “माझा पणजोबा जालन्याला मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. फाइल काढा.”

मी फाइल काढली. फायली मी नीट ठेवतो. २०११ चा कच्चा कागद तिथे होता, टायपिंग सेंटरवर देण्यासाठी भरलेला. इथे कुठलाही सरकारी अर्ज टायपिंग सेंटरवरच टाइप होतो, आणि नवा माणूस गोंधळतो म्हणून मी स्वतः बरोबर जातो. धर्माचा रकाना भरलेला होता. ‘हिंदू.’ अक्षर माझं.

तो दिवस मला आठवला. टायपिस्टने विचारलं होतं, “रिलीजन?” मास्तर शेजारीच उभे होते, हातात फोटोंचं पाकीट. आणि मी उत्तर दिलं. सूर्यकांत, वडील तुकाराम, आई सत्यभामा. विचारायचं काय त्यात? आपल्याकडे नाव आणि आडनाव ऐकलं की माणसाची उरलेली माहिती आपली आपणच भरून घ्यायची रीत आहे. साळवे म्हटल्यावर मी मनाशी एक हिशेब केला आणि वर ठरवलं, की यांना घरचं, दारचं, देवाचं काही विचारायचं नाही. उगाच अवघडायला नको. याला मी सभ्यपणा समजत होतो! चौदा वर्षं हा माणूस आमच्या मंडळाच्या गणपतीला आला, मांडी घालून बसला, मोदक खाल्ला, निघताना खुर्च्या रचून गेला. एकदाही मी विचारलं नाही, मास्तर, तुमच्या घरी काय करता?

मला राग आला. आणि सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा त्यांचाच आला.

“चौदा वर्षं गप्प का बसलात?” मी विचारलं. “तोंड नव्हतं का तुम्हाला?”

“तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, की मला वाटलं, इथे असंच लिहायचं असतं. नवा होतो. नोकरी हवी होती.”

“नंतर? चार-पाच वेळा रिन्युअल झालं असेल!”

“दुसऱ्या वेळी म्हणालो होतो तुम्हाला, एक बदल करायचाय. तुम्ही म्हणालात, ‘मागच्याप्रमाणेच ठेवू मास्तर, बदल केला की चौकशा लागतात.’ काय बदल, ते विचारलं नाहीत.”

हे मी म्हणालो असणार. हे वाक्य मी सगळ्यांना म्हणतो.

“आणि इतकी वर्षं नाताळला काय करत होतात?”

“वार्षिक रजेतला एक दिवस घ्यायचो. पण गेली नऊ वर्षं चोवीसला काही अडायचंही नाही. चर्चच्या आमच्या मराठी मंडळीला ती वेळ मिळायचीच नाही.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. ऊद मेथा भागात चर्चच्या आवारात हॉल आहेत आणि निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या ते तासातासाने वाटून घेतात. मराठी मंडळी म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं. जालना, नगर, सोलापूरकडची. कुणी अल क्वोजच्या गोदामात, कुणी शारजाच्या वर्कशॉपमध्ये, चार-पाच नर्स. चोवीसच्या संध्याकाळसाठी चिठ्ठ्या टाकतात. नऊ वर्षं मराठीची चिठ्ठी निघाली नव्हती. कधी तेवीस मिळायची, कधी सव्वीसची भर दुपार. या वर्षी निघाली. चोवीस तारीख, साडेसहा ते पावणेआठ.

“आणि त्या दिवशी कीर्तन आहे,” मास्तर म्हणाले.

“कीर्तन? चर्चमध्ये?”

“आमच्याकडे नाताळला कीर्तन असतं, साहेब. पेटी, झांज, चिपळ्या. माझे वडील करायचे. इथे झांज वाजवणारे दोघं आहेत. उभा राहणारा मी एकटाच. मी गेलो नाही तर नऊ वर्षांनी मिळालेल्या सव्वा तासात लोक मोबाइलवर गाणी लावून बसतील.”

मी फॉर्म घेऊन परेशच्या केबिनमध्ये गेलो. सक्तीच्या मेमोखाली सही माझीच होती, पण हुकूम त्याचा होता.

“अंकल,” परेश म्हणाला, “रजेसाठी आजीला दोनदा मारणारे बघितलेत मी. धर्म बदलणारा पहिलाच.”

“बदललेला नाही. मीच चुकीचा लिहिला होता.”

“तुम्ही? तुम्ही चुकीचं लिहिता?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. माझ्या अचूकपणाची इतक्या वर्षांची कीर्ती, ती त्या माणसाच्या मुळावर आली होती.

मनाली म्हणाली, “सर, सिस्टिममध्ये हिंदू आहे. प्रूफ लागेल.”

मास्तरांनी बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी जालन्याहून बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा फोटो आला. जुना, कडा खाल्लेला, पाळकांची सही आणि शिक्का स्पष्ट. मी त्याची प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवली. परेशने ती हातात घेतली आणि मोठ्याने वाचली.

“सूर्यकांत. सन ऑफ तुकाराम अँड सत्यभामा.” मग मनालीकडे बघून, “क्रिश्चन! कागद बनवणाऱ्याला दुसरी नावं सुचली नाहीत का?”

मनाली हसली. मास्तर तिथेच उभे होते.

एकतीस वर्षांत मी त्या केबिनमध्ये आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. “ही त्यांच्या आईवडिलांची नावं आहेत,” मी म्हणालो. “दोघंही गेलेत. हसायचं कारण सांगाल का?”

“अंकल, चिल. हबीबी, माझं म्हणणं एवढंच की पार्टीला माणसं कमी पडतायत. ॲक्च्युअल क्रिश्चन स्टाफ सगळा सुटीवर. मास्तरही गेले तर बॅकस्टेज कोण बघणार? पुढच्या वर्षी सिस्टिम अपडेट करू, इन्शाल्ला. यल्ला, खलास, विषय संपला.”

बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, “तुम्ही कशाला भांडलात?”

“मग कुणी भांडायचं? तुम्ही? रजेचा धडा जगाला शिकवता, आणि स्वतः तिथे खांबासारखे उभे!”

त्यांनी खिशातला लाल मार्कर काढून त्याचं टोपण घट्ट केलं आणि वर्गावर गेले. मला वाटलं, फार बोललो. मग वाटलं, कमीच बोललो.

चोवीसला चार वाजता मास्तर आले. पांढरा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. खांद्याला कापडी पिशवी, आत चिपळ्या खडखडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

साडेपाचला पार्टी सुरू झाली. पालक मोबाइल उंचावून उभे. डग्लस लाल झगा आणि कापसाची दाढी लावून आला. नाटुकल्यातून गाढव गेलं होतं, धर्मशाळा गेली होती, नावनोंदणीही गेली होती. राहिला होता एक हो हो हो. मास्तर पडद्यामागे मुलांच्या रांगा लावत होते. खुर्च्या मांडायला म्हणून संध्याकाळच्या वर्गातले चौघं-पाच जण लवकर बोलावले होते, त्यात रिझवानही होता. ते मागे भिंतीला टेकून उभे होते.

सहाला पाच मिनिटं असताना मास्तर पडद्यामागून बाहेर आले. पिशवी खांद्याला. सरळ झाडाजवळ गेले, जिथे परेश दोन पालकांशी बोलत होता. मी चार पावलांवर होतो.

“टुनाइट इज माय क्रिसमस सर्व्हिस,” मास्तर म्हणाले. “आय विल बी देअर ॲट सिक्स थर्टी.”

“मास्तर, नॉट नाउ.”

“टुनाइट इज माय क्रिसमस सर्व्हिस. आय विल बी देअर ॲट सिक्स थर्टी.”

तोच आवाज. वर नाही, खाली नाही. मागे भिंतीशी हालचाल झाली. रिझवानने दोन बोटं वर केली होती.

परेशने मराठीत, दात आवळून म्हटलं, “पॅरेंट्ससमोर तमाशा करताय. गेलात तर वॉर्निंग लेटर मिळेल. अंकल, नोट करा.”

“टुनाइट इज माय क्रिसमस सर्व्हिस. आय विल बी देअर ॲट सिक्स थर्टी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “नोट करा, मुणगेकर साहेब. वेळही लिहा. सहाला चार कमी.”

परेशची नऊ वर्षांची मुलगी केया परीचे पंख लावून तिथे आली होती. तिने मास्तरांची बाही धरली. “सर, आर यू गोइंग होम?”

“नो, केया. टु चर्च.”

“बट डॅड सेड यू आर नॉट—”

“टेल युवर डॅड टु आस्क मी,” मास्तर म्हणाले. “नोबडी आस्क्ड.”

आणि ते निघाले. डग्लसने दाढी खाली ओढून त्यांना हात हलवला. त्या सगळ्या खोलीत शहाणा तेवढा एकच दिसला.

मीही निघालो. हजेरीच्या मशीनला अंगठा लावला नाही. पायऱ्या उतरताना परेशची हाक ऐकली, “अंकल?” वळलो नाही.

खाली मास्तरांना गाठलं. टॅक्सी मिळायला दहा मिनिटं गेली. सिग्नलला गाड्यांची ही रांग. मी ड्रायव्हरवर चिडत होतो, सिग्नलवर चिडत होतो. मास्तर मांडीवर उपरणं पसरून त्याची घडी घालत होते.

“शांत व्हा, साहेब.”

“का व्हायचं शांत? तुम्ही शांत राहिलात म्हणून चौदा वर्षं गेली.”

“आणि तुम्हाला खात्री होती म्हणून गेली,” ते म्हणाले. तेवढंच.

पोचायला सहा चाळीस झाले. दारात एक म्हातारे गृहस्थ घड्याळाकडे बोट दाखवत उभे होते. आत पेटी सुरूच होती. मास्तरांनी बूट काढले, उपरणं गळ्यात घातलं, चिपळ्या हातात घेतल्या आणि उभे राहिले. मी मागच्या रांगेत बसलो. आजूबाजूला बघितलं तर तीन चेहरे ओळखीचे. आमच्याच इन्स्टिट्यूटमधून टॅली शिकून गेलेले. त्यांचेही प्रवेशाचे फॉर्म मीच भरले होते. त्यांच्या धर्माच्या रकान्यात काय लिहिलं असेल ते मला आठवेना.

मास्तरांनी आख्यान लावलं ते नावनोंदणीचं. परेशने कापून टाकलेलं तेच. राजाचा हुकूम सुटतो, प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन नाव लिहायचं. योसेफ आणि गरोदर मरिया कोसभर रांगेत उभी. आणि टेबलापलीकडे बसलाय कारकून.

“हा कारकून कसा?” मास्तरांनी चिपळ्या थांबवल्या. “फार हुशार. फार नीटनेटका. कानाला बोरू. वर बघतच नाही! नाव? योसेफ. गाव? बेथलेहेम. धंदा? तो सांगणार, तोच हा म्हणतो, ‘कळलं, कळलं, सुतार. हातावरून कळतं.’ बरोबर कोण? ती बिचारी तोंड उघडणार, तोच हा म्हणतो, ‘कळलं, कळलं, बायको.’ पोटात कोण, हे मात्र त्याने विचारलं नाही! जगाचा तारणहार टेबलासमोर उभा, आणि याच्या वहीत माणसं दोन!”

हॉल हसून कोसळला. पेटीवाला हसला, म्हातारे गृहस्थ हसले. मास्तरांनी चिपळ्या वाजवत ओळ धरली,

“लिहिणारा लिहून गेला, पुसले ना कोणी,
वहीमध्ये मावेना तो, निजला गव्हाणी.”

सगळ्यांनी ती उचलली. मी मान खाली घालून बसलो. कान तापले होते. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात क्षमा होती असं लिहायचा मोह होतो, पण नव्हती. कीर्तनकार श्रोत्याकडे बघतो तसंच पाहिलं, समजलं की नाही एवढंच बघायला.

पावणेआठला दार उघडलं. आठची वेळ चिनी मंडळीची होती. पांढरे झगे घातलेली त्यांची मुलं दाराशी रांगेत उभी होती. मास्तरांनी शेवटची ओळ दोनदा म्हणायची ती एकदाच म्हटली, आणि आमच्या लोकांनी मिनिटभरात खुर्च्या सरळ करून हॉल रिकामा केला. बाहेर मला कुणीतरी कागदाच्या पुडीत करंज्या दिल्या. कुणी विचारलं नाही मी कोण. मला त्याचाही राग आला, आणि मग कळलं की तो राग मला शोभत नाही.

सव्वीस तारखेला मनालीने वॉर्निंग लेटर माझ्या सहीसाठी आणलं. मी सही केली नाही. कारण विचारलं, तर म्हटलं, “करणार नाही.” परेशने स्वतः सही केली. ते पत्र आता मास्तरांच्या फाइलमध्ये आहे आणि मी निवृत्त झाल्यावरही तिथेच राहील. पोस्टरवर डग्लस अजून हेड ऑफ इंग्लिश आहे. मास्तर चार वाजता येतात, खिशात दोन मार्कर. सगळं नीट झालं असं कुणी समजू नये.

टॅली शिकून गेलेल्या त्या तिघांच्या जुन्या फायली मी काढून बघितल्या. दोघांच्या चुकीच्या निघाल्या. त्यांना फोन केले.

जानेवारीत मास्तरांचं व्हिसा रिन्युअल आलं. मी नेहमीप्रमाणे बरोबर गेलो. तेच टायपिंग सेंटर, टायपिस्ट नवी, केरळची बाई. जुना कागद तिच्यासमोर होता. ती एकेक विचारत टाइप करत गेली.

“रिलीजन?”

मी ओठ आवळून उभा राहिलो. मास्तरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मुद्दाम वेळ लावला असणार.

“क्रिश्चन,” ते म्हणाले.

बाईने स्क्रीनवरच्या नावाकडे पाहिलं. सूर्यकांत तुकाराम. मग जुन्या कागदाकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला.

“माझ्याकडे काय बघताय?” मी म्हणालो. “त्यांना विचारा!”

आवाज चढला होता माझा. काउंटरवरची चार माणसं वळून बघायला लागली. बघू देत.